वैनीला सवच्या कुंडावर मी नेलं

मास्तर, लिवनार असाल तर सगळं लिवा, मी बोलतो त्यातलं बरं तेवढं ठेवून वंगाळ गाळायचं असं करू नका. गाळायचं काम मी सहा वर्सं करतोच हाय, तेवढ्यासाठी पोलादपुरासनं मास्तरला बोलवायची गरज नव्हती.

माझं नाव धाकू. आमची वाडी आंबेनळी घाटाच्या खालच्या अंगाला, सात घरांची, वाडी कसली, डोंगराला चिकटलेली सात खोपटी. खाली वाईच भातखाचरं, वर वरकस, तिथं नाचनी आनी वरी. माझी आय मी चालायला लागायच्या आदी गेली. बा व्हता पन तो बैलाशी बोलायचा तेवढासुदीक माझ्याशी बोलायचा नाय. मी पाच वर्सांचा असंन तवा थोरल्या भावाचं लगीन झालं आनी वैनी घरात आली, ती किती, चौदा-पंधरा वर्सांची पोर. आल्या दिवशी तिनं मला बघितलं, नाक गळतंय, अंगावर चिंधी नाय, आनी सासऱ्याला इचारलं म्हनं, ह्ये कुनाचं पोर? नवी नवरी आनी सासऱ्याशी बोलली, सगळी वाडी हसली. पन त्या दिवसापासनं मी तिचा झालो. तिनं मला न्हाऊ घातलं, तिनं जेवाय घातलं, माझ्या अंगावर देवी आल्या तवा एकवीस दिवस ती माझ्यापाशी बसली, माझं लगीन तिनं लावलं. भाऊ लौकर गेला, तरी माझ्या आनी तिच्या दोन चुली झाल्या नाय. काय सांगू तुम्हाला, आय कशी असते ते मला ठावंच नाय, वैनी कशी असते ते ठावं हाय.

तिच्या गळ्यावर गाठ व्हती, लग्नाच्या नंतर कंदीतरी आलेली, सुपारीएवढी, मंग लिंबाएवढी. आमच्या डोंगरात अशा गाठी लई जनींच्या गळ्यावर असतात, त्याचं कोन काय मनावर घेत नाय. दुखत नव्हती, खुपत नव्हती. भावजी, म्हनायची, माझ्या गळ्यात सोनं नाय म्हनून देवानं हे दिलंय. आनी आवाज असा की ती ह्या टेपावरनं हाक मारायची, गंग्याऽऽ, आनी पल्याडच्या टेपावरची गुरं मान वर करायची. गंग्या म्हंजे गंगाराम, तिचा एकुलता लेक, तो मुंबईला एका डाक्टरच्या बंगल्यावर गडी म्हनून हाय.

एका हिवाळ्यात ती गाठ वाढाय लागली. वीस-पंचवीस वर्सं गप असलेली, आनी दोन महिन्यांत मुठीएवढी झाली, दगडासारखी टनक, हालवली तर हालंना. आवाज घोगरा झाला, मंग नुसता फुसफुस आवाज याया लागला. भाकर गिळंना, नुसती पेज, ती पन ठसका लागून नाकातनं. आडवी झाली की दम कोंडायचा म्हनून भिंतीला टेकून बसून झोपायची. वैदू आला, तो म्हनला तापल्या सळईनं डाग देतो. मी तयार व्हतो हां, खोटं का बोलू, मी इस्तूसुदीक पेटवला. पन शिमग्याला गंगाराम आला, त्यानं आयचा गळा बघितला आनी वैदूला अंगनातनं हाकललं. म्हनला, काका, आयला मुंबईला न्यायची, आमच्या सायबाला दाखवायची, आनी तू संगं चल.

दासगावच्या बंदरावरनं लाँचीत बसलो, बानकोटाला आगबोट धरली. वैनीनं जल्मात समुद्र बघितला नव्हता. ती घोगऱ्या आवाजात म्हनली, भावजी, एवढं पानी आनी एक भात नाय. मला हसू आलं आनी रडू पन आलं.

डाक्टर साहेब भला मानूस. गड्याची आय म्हनून हिडीसफिडीस नाय केली. गळा दाबून बघितला, तोंडात आरसा घालून बघितलं, गाठीतला कनभर तुकडा काढून तपासला. मंग मला बाहेर बोलावलं, कारन गंगाराम कामावर. म्हनले, धाकूराव, ही गाठ साधी राहिलेली नाही, हा कॅन्सर आहे आणि फार जलद वाढणारा आहे. तिने श्वासनळीला वेढा घातलाय, कापायला गेलो तर बाई टेबलावरच जाईल. एक उपाय आहे, विजेच्या यंत्रातून किरण सोडायचे. ते दिसत नाहीत, लागत नाहीत, पण आत गाठीपर्यंत पोचतात. दोन फेऱ्या द्यायच्या. पहिली झाली की महिनाभर कातडीला विसावा, मग दुसरी. बरी होईलच असं मी सांगत नाही, पण संधी आहे, आणि ती दोन्ही फेऱ्या मिळून आहे. अर्ध्यात सोडलंत तर गाठ दुप्पट जोराने येईल.

हे मला सांगितलं मास्तर. मला, ह्या दोन कानांत. दुसऱ्या कुनाला नाय.

तीन आठवडे रोज सकाळी वैनीला इस्पितळात न्यायचो. तिच्या गळ्यावर जांभळ्या शाईनं रेघा मारल्या व्हत्या, चौकोन, शेताचा बांध घालावा तसा. किरन त्या बांधाच्या आत पडायचे, बाहेरच्या अंगावर शिशाचे पत्रे ठेवायचे. ती आत एकटी, दार बंद, आनी आतनं घुंईं असा आवाज. पयल्या दिवशी मी दाराशी उभा, म्हनलं आता हिला जाळतात का काय. ती बाहेर आली आनी म्हनली, काय नाय हो, नुसतं पडून ऱ्हायचं, आपल्या घरी कंदी मला कुनी एवढं पडू दिलंय?

आनी मास्तर, गाठ उतरली! देवाशपथ सांगतो. दुसऱ्या आठवड्याला बोटांखाली मऊ लागाय लागली. तिसऱ्याला निम्मी. एका सकाळी ती उठली आनी नातवंडाला हाक मारावी तसं मोठ्यानं म्हनली, धाकू, भाकर हाय काय? मला नावानं हाक मारली, ल्हानपनी मारायची तशी. गंगारामाच्या बायकोनं भाकर केली, वैनीनं चतकोर खाल्ली, चावून चावून, आनी आमी तिघं तिच्या तोंडाकडं बघत बसलो.

निघताना डाक्टरनं मला समोर बसवलं. सांगितलं, आता ही कातडी काळी पडेल, सोलेल, खाज येईल, घाबरायचं नाही. पण तिला पाणी लावायचं नाही. साबण नाही, तेल नाही, हळद नाही, ऊन नाही. भाजून झालेली नाजूक कातडी आहे, ती टिकली तर दुसरी फेरी देता येईल, फाटली तर नाही. पावसाळ्यात आगबोट बंद व्हायच्या आत परत या. समजलं? मी म्हनलं, व्हय साहेब. पुन्हा इचारलं, काय समजलं, बोलून दाखवा. मी बोलून दाखवलं. पोपटावानी. पानी नाय, साबन नाय, तेल नाय, हळद नाय, ऊन नाय.

घरी आलो. चैत सरत आला व्हता. वाडीतली सगळी बघाय आली, वैनीचा आवाज ऐकून बायांनी तोंडात बोटं घातली. पन आठ-दहा दिवसांत कातडी काळी झाली, राब भाजल्यावर जमीन व्हते तशी, आनी पापुद्रे सुटाय लागले, मधी मधी पांढरं, मधी लाल, आनी त्यावर त्या जांभळ्या रेघा. गळा धुवायचा नाय म्हनून वास येयाचा. बाया आदी लांबनं बोलाय लागल्या, मंग बोलायच्याच बंद झाल्या. झऱ्यावर एकीनं तिला सांगितलं, भागीबाय, तू हंडा बाजूला ठेव, आमी वतू तुझ्या हंड्यात. महारोग म्हनाय लागली सगळी. मुंबईला जाऊन घिऊन आली म्हनाय लागली. वैनी घरात येऊन हंडा ठेवायची आनी कामाला लागायची. माझ्या बायकोनं तिचं ताट वेगळं केलं. मी बघितलं. मी बोललो नाय.

आता माझ्या काशीचं सांगायला पायजे. काशी माझी थोरली, तिचं दासगावच्या अंगाला जमत व्हतं. बरं घर, पानथळ शेती, पोरगा निर्व्यसनी. आमच्यासारख्या डोंगरवाल्याची पोर तिकडं खाली द्यायला मिळते कुटं! सुपारी फोडायचा दिवस ठरला, आनी मधला मानूस चार दिवस आदी येऊन म्हनला, धाकूदा, पावन्यांच्या कानावर आलंय की तुमच्या घरात महारोग हाय. ते म्हनतात, घरातली समदी मानसं डोळ्यांनी बघू, मंगच सुपारी. म्हातारीला लपवू नका, लपवलीत तर खरं धरतील.

मी सांगायला पायजे व्हतं की नाय? सांगायचं, की बाबांनो, हा महारोग नव्हं, हे विजेचं औषद हाय, गंगारामाच्या सायबाला पत्र टाका. पन माझं तोंड उघडलं नाय. आनी खरं सांगू, मलाच तिची लाज वाटाय लागली व्हती. जिनं माझ्या देवीच्या खपल्या हातानं पुसल्या, तिच्या गळ्याची मला लाज वाटली. थू माझ्या जिनगानीवर. लिवा, थू असंच लिवा.

मंग माझ्या डोक्यात सव आलं. सव ठावं हाय ना, म्हाडाजवळ, गरम पान्याची कुंडं. खरूज, गजकर्न, फोड, कसलंबी अंगावर असलं तर आमच्याकडचा मानूस तिथं जातो, तीन बुडक्या मारतो आनी बरा व्हतो. माझीच खरूज गेलीय तिथं. मी वैनीला म्हनलं, सवला जाऊ, कातडी साफ व्हईल. ती म्हनली, डाक्टरनं पानी लावू नको म्हनलंय ना? मी काय म्हनलं ऐका. मी म्हनलं, ते मुंबईच्या नळाचं पानी गो, त्याला काय गुन? हे भुईतनं येतं, देवाचं पानी, ह्याला डाक्टरची मनाई कशी असंल? मी तिला नुसतं पटवत नव्हतो मास्तर, माझं मला पन पटवत व्हतो. ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. मंग म्हनली, पावनं कंदी येनार? मी म्हनलं, बेस्तरवारी. ती म्हनली, मंग उद्याच जाऊ.

तिला समदं कळलं व्हतं. एवढंच इचारलं तिनं.

गाडी जुंपली आनी नेली. कुंडावर मानसं बसलेली, कुनाचे पाय सुजलेले, कुनाच्या अंगावर चट्टे, पान्यातनं वाफ निघते, गंधकाचा वास. वैनी काठावर बसली, पदर सोडला. मी तांब्या भरला. मीच भरला, मीच वतला, तिनं हात लावला नाय. पयला तांब्या पडला तशी तिनं दोनी हातांनी दगड धरला, नखं पांढरी झाली. वरडली नाय. मी इचारलं, पोळतंय काय? ती म्हनली, वत. मी वतत गेलो, चिंधीनं पुसत गेलो. ते काळं निघालं, पापुद्रं निघालं, जांभळ्या रेघा व्हावून गेल्या आनी खालनं गुलाबी कातडी दिसली, बाळाच्या अंगावानी. मी खूश! म्हनलं, बघ वैनी, गेलं का नाय? शेजारचा एक म्हातारा म्हनला, व्हय रे, झ्याक निघाली. आनी मी त्याला हसून तंबाखू दिली.

दुसऱ्या दिवशी तिथनं पानी पाझराय लागलं. तिसऱ्या दिवशी पदर चिकटाय लागला. बेस्तरवारी पावनं आलं. वैनीनं धुवट लुगडं नेसलं, गळ्याभवती पदर घट्ट घेतला आनी सोप्यावर येऊन सगळ्यांम्होरं बसली, आवाज चांगला खनखनीत काढला, पावन्यांची इचारपूस केली. महारोग बोटांवरनं वळखतात, म्हनून हात दावले, पाय दावले. त्यांचं समाधान झालं. सुपारी फुटली. ती उठून आत गेली तवा मी मागनं गेलो, आनी तिनं पदर काढला तर पदरासंगं कातडी आली. म्हनली, गप, बाहेर ऐकू जाईल.

आगबोट बंद व्हायच्या आत गेलो मुंबईला, ठरल्या दिवसाला. डाक्टरनं फडकं काढलं आनी त्यांचा चेहराच उतरला. गळ्याची जखम झालेली, खोल, कडंनं पिवळी, रेघांचा पत्ता नाय. ते वरडले नाय, हळूच इचारलं, पाणी कोणी घातलं? गंगाराम तिथं, त्याची बायको तिथं, मी तिथं. मी तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं, पन त्याच्या आदी वैनी बोलली. साहेब, मला खाज सुटली, ऱ्हावलं नाय, मी एकटीच गेले सवला, भावजी घरी नव्हते. डाक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. फरशी व्हती, काळी-पांढरी चौकटीची. मला ती फरशी अजून पाठ हाय.

गंगाराम आयवर तुटून पडला. तुला सांगितलं व्हतं ना, काका एवढा तुझ्यासाठी मरतोय, तू ऐकायची नायसच, जल्माची हट्टी! ती म्हनली, चुकलं बाबा माझं. आनी मी उभा. एक शबूद बोलायचा व्हता. एक.

ह्या जखमेवर किरण सोडता येत नाहीत, डाक्टर म्हनले, भरली तर बघू. रोज पट्टी केली. जखम भराय तयार नाय आनी गाठ थांबाय तयार नाय. ती परत आली, ह्या खेपेला दोनी बाजूंनी. आवाज गेला, पेज गेली, पानी गेलं. आषाढात एक दिवस दुपारी बंगल्यामागच्या खोलीत ती गंगारामाच्या खांद्याला टेकून बसली व्हती, आनी दम घेता घेता थांबली. मी पाय धरून बसलो व्हतो. शेवटपत्तूर तिनं मला त्यातलं एक आक्षर इचारलं नाय. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी नंतर डाक्टरला एकट्याला गाठून इचारलं, साहेब, पानी लागलं नसतं तर जगली असती? त्यांना खरं सांगितलं, त्यांच्या एकट्यापाशी. म्हनले, ठाऊक नाही. ह्या आजारात बहुतेक परत येतंच. पण पहिल्या फेरीला गाठ ज्या तऱ्हेने उतरली होती, मला आशा होती. मंग म्हनले, मुलाला सांगा, तो आईला दोष देतो आहे. मी म्हनलं, व्हय साहेब. तवा पन व्हय साहेबच म्हनलं.

काशीचं लगीन झालं, दोन लेकरं हायत, सुखात हाय. तिला ठावं नाय. माझ्या बायकोला ठावं हाय, ती बोलत नाय, मी बोलत नाय, असा आमचा संसार. आनी गंगाराम दर शिमग्याला येतो. चांगला पोरगा. येताना मला धोतर आनतो, सगळ्या वाडीत सांगतो, आयनं ऐकलं नाय पन काकानं काय करायचं बाकी ठेवलं नाय. मी मान हालवतो. दर साली ठरवतो, आता सांगीन, पालखी नाचून होऊ दे, मंग सांगीन. पालखी देवळात बसते, तो लाँच धरायला निघतो आनी मी त्याचं गाठोडं उचलून देतो.

सांगितलं नसतंच कंदी. पन गेल्या साली त्यानं पोरीला आनली, चार वर्सांची, आजीचं नाव ठेवलंय, भागी. ती ऐकंना, पान्यात खेळत व्हती, तर त्यानं तिच्या पाठीत धपाटा घातला आनी म्हनला, आजीवर गेलीस, हट्टानं मरशील तिच्यासारखी. पोर माझ्याकडं बघून रडाय लागली. मी तिला उचलली. मास्तर, त्या म्हातारीनं जल्मात कंदी हट्ट केला नाय. डाक्टरचं ऐकत व्हती, मी मोडायला लावलं. माझं ऐकलं म्हनून ती मेली.

तोंडानं मला व्हनार नाय, ते आता मला कळलंय. म्हनून तुम्हाला बोलावलं. लिवा, तांब्या धाकूनं भरला, धाकूनं वतला, ती एकटी गेली नव्हती. पोरीला तिच्या आजीचं नाव चांगलं लाभू दे, शंभर वर्सं जगू दे पोर. गंगाराम मला शिवी देईल, न्हाईतर उठून जाईल, न्हाईतर ह्या उंबऱ्याला परत पाय लावनार नाय, काय करील ते त्याचं. मी इथंच बसून ऐकंन.

परवा येतोय तो. तुम्ही सकाळीच या मास्तर, कागद घिऊन. अंगनात आला की पयलं माझ्या पाया पडतो, त्याची रीतच हाय. त्याच्या आदी वाचा.